भिवरानं उकरलेली अळंबी

प्रिय भिवरा,

तुझे गुडघे पुन्हा धरलेत, असं तुझ्या सूनबाईकडून कळलं. माझीही कंबर आता नावापुरतीच उरली आहे. आपण फोनवर बोलतोच, पण तिथं मी नुसतं टँकरचं आणि पाण्याचं बोलत राहते आणि सांगायचं ते राहून जातं. यंदा आमच्या पालीकडं दोनच पाऊस झाले, तळ्याचा तळ दिसतो आहे. मी फार थकले आहे गं. दुष्काळानं थकले असं म्हणून सुटताही येत नाही.

आमच्या बायकांच्या सहकारी संस्थेत कडूबाई अध्यक्ष झाल्यापासून रानभाज्या वाळवून विकायचं चाललं आहे. त्या दोन पावसांनंतर तिनं कपिलधारच्या रानातून टोपलीभर अळंबी आणली. आपली तीच, जमिनीखाली झाडाच्या मुळाशी बटाट्यासारखी निघणारी. भर बैठकीत उठून मी सांगितलं की हे विष आहे, यानं माझा बाप गेला. कडूबाई म्हणाली, "आमी लहानपणापासून खातो, कोन मेलं न्हाई. पर तू म्हनतीस तर तपासून घिऊ." म्हणून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे विठ्ठलराव सर आले.

त्यांनी एकेक गोळा मधोमध चिरला. आत पांढरा आणि भरीव तो एकीकडं, काळपट पडलेला किंवा आत मिटल्या छत्रीचा आकार दिसणारा टाकाऊ म्हणून दुसरीकडं. मला तुझा विळा आठवला. बहात्तर सालच्या दुष्काळात तू चौदा वर्षांची, तूही अशीच एकेक चिरून बघायचीस. त्या दिवशी शेरडांमागं हिंडून पाच अळंब्या आणल्यास आणि स्वतः एकही न खाता आजारी आबांना भाजून दिल्यास. तिसऱ्या प्रहरी आबांच्या तोंडाला कोरड पडली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. हवेतलं काहीतरी वेचत ते बडबडू लागले आणि दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत गेले. माय सगळ्या वस्तीसमोर म्हणाली, "ह्या पोरीनं बापाला इख चारलं." तेव्हापासून तुझ्या हातची भाजी माहेरी कुणी खाल्ली नाही. तुला तलवाड्याला दिलं, तर ते बोलणं तुझ्याआधी तिथं पोचलेलं.

सरांनी नमुने पुण्याला पाठवले होते, महिन्यानं उत्तर आलं. इथल्याच रानातली, झाडांच्या मुळांच्या आधारानं जगणारी, खाण्याजोगी जात आहे ती. मग मी सरांना आबांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाई, ही अळंबीची लक्षणं नव्हेत, धोतऱ्याच्या विषाची आहेत. त्या साली रेशनवर मिळणाऱ्या परदेशी तांबड्या ज्वारीत, मिलोत, धोतऱ्याचं बी यायचं. वडिलांनी भाकरी कशाची खाल्ली होती?

त्याच तांबड्या मिलोची, भिवरा, आणि ती दळली होती मी. मी आणि माय दुष्काळी कामावर खायला वाटलेली सुकडी खाऊन आलो होतो, तुझ्यासाठीही पदरात बांधून आणली होती, भाकरी एकट्या आबांपुरती होती. खडी फोडून माझे हात सुजले होते. निवडून दळ, असं मायनं बजावलं होतं. सुपात चपट्या तपकिरी बिया मला दिसल्या होत्या. वेचायचा कंटाळा आला आणि मी तसंच जात्यात लोटलं. सरांनी सांगितलं म्हणून आज कळलं, असं मी म्हणणार नाही; बैठकीतही मी तीच जुनी लबाडी पुढं रेटली. माय तुला मारत होती, तेव्हा मी उरलेलं पीठ चुलीच्या राखेत मिसळत होते.

क्षमा मागायला तोंड राहिलेलं नाही. तुला वाचता येत नाही, हे सूनबाईच वाचणार, हे मला माहीत आहे आणि म्हणूनच लिहून पाठवते आहे. तिला म्हणावं, घरातल्या सगळ्यांना, जावांना, शेजारणींना बोलावून बसव आणि मोठ्यानं वाच. तुझं नाव चारचौघांत घेतलं गेलं होतं. माझंही तसंच घेतलं जाऊ दे.

तुझीच थोरली बहीण,
दगडा