पहिल्या खांद्याचा कौल

॥ श्री वाघजाई ॥

शके १८५६, भावनाम संवत्सरे, माघ वद्य पंचमी, शनिवार, तारीख २३ माहे फेब्रुवारी सन १९३५, ते दिवशी मृत्युपत्र लिहून ठेवणार चिमाबाई भ्रतार चांगू उतेकर, वय अजमासे पासष्ट, धंदा शेती, राहणार मौजे उंबरदांड, पेटा पोलादपूर, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. लिहून ठेवते ऐसाजे :

माझी अक्कल ठिकाणावर आहे. संध्याकाळचे जरा कमी दिसते, पण माणसे ओळखू येतात, आणि काही माणसे तर अलीकडे जास्तच चांगली ओळखू येतात. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मी आज फार खुशीत आहे. माझी नात तुळसा, कापडे गावी दिलेली, तिला मुलगी झाली. परवा बारसे झाले, नाव आवडी ठेवले. पाळण्यातून तिने माझे बोट धरले ते सोडीनाच. एवढी मूठ, पण पकड बापजाद्यांची. सगळ्या बायका हसल्या. तेवढ्यात माझा दीर आबाजी, जो आमच्या गावकीचा मुख्य आहे, तो म्हणतो, "वयनी, परत पोरगीच? मंग तुमचं घर बघनार कोन?"

मी म्हटले, "भावोजी, तुमी नका बघू म्हंजे झालं."

आणि दुसऱ्या दिवशी महाडची वाट धरली. म्हणून हा कागद.

कलम पहिले. राहते घर, पुढचे अंगण, आणि अंगणातला दगडी चौथरा, ज्यावर शिमग्यात वाघजाईची पालखी टेकवतात व ज्याला गावात सहाण म्हणतात, ही मिळकत माझी एकटीची आहे. वडिलार्जित नाही. वडिलार्जित घर आणि भातखाचरे होती, ती माझे मालक वारल्यावर, माझा मुलगा येसाजी लढाईवर असताना, आबाजीने आपल्या नावावर फिरवून घेतली. ही जागा येसाजीने आपल्या पेन्शनीतून मुंबईला गेलेल्या एका घरमालकाकडून माझ्या नावे विकत घेतली, कागद महाडच्या कचेरीत आहे. सहाण त्याच सर्व्हे नंबरात येते हे गावाला मोजणीवाले आले तेव्हा कळले. तेव्हाची आबाजीची मुद्रा मी अजून जपून ठेवली आहे, पण ती काही वाटून देता येत नाही.

घर आणि अंगण तुळसाला दिले आहे. सहाणेचे पुढे सांगते, त्याला अट आहे.

कलम दुसरे. आता येसाजीचे सांगते. हे लिहिणारे देवधर म्हणतात की मृत्युपत्रात एवढे लागत नाही. लागते. लिहा.

येसाजी पंचवीस वर्षांचा असताना पलटणीत भरती झाला आणि बसऱ्याकडे गेला. उजवा पाय गुडघ्याखाली तिकडेच राहिला. दासगावच्या बंदरात लाँचीतून कुबड्या घेऊन उतरला तेव्हा त्याची बायको बायजा मानमोडीच्या तापात जाऊन वीस दिवस झाले होते, आणि चार वर्षांची तुळसा त्याला बघून माझ्या लुगड्यात लपली. तो खाली बसला आणि तिला म्हणाला, "एक पाय देवाकडं ठेवून आलोय. तू ये, मंग दोन होतील." तशी ती गेली.

सरकारने दिलेला लाकडी पाय आमच्या उतरणीवर चालेना. तेव्हा त्याने वाकस आणि पटाशी घेऊन शिवणीच्या लाकडाचा स्वतः केला. पहिला फुटला. दुसरा टोचायचा, गुडघ्याला रक्त यायचे. तिसरा बसला. त्या पायावर तो रोज पहाटे एकशे तीस पायऱ्या चढून वाघजाईचे आवार झाडून यायचा. पावसाळ्यात शेवाळावर बसून, एकेक पायरी सरकत जायचा, पण जायचा. मी रागवायची, "देवीनं काय दिलं रं तुला?" तर म्हणायचा, "आये, गोळी चार बोटं वर लागली असती तर? तू हिशेब उलटा धरतेस."

त्याचे वाकस, पटाशी, करवत, रंधा आणि शेवटचा लाकडी पाय धनगरवाडीच्या कोंडाजीला द्यावा. झाड अंगावर पडून त्याचा पाय गेला आहे. येसाजी त्याच्यासाठी पाय घडवत होता, तो अर्धा राहिला. मापे भिंतीवर कोळशाने काढली आहेत. कोंडाजी येऊन बघेपर्यंत ती भिंत कोणी सारवू नये.

कलम तिसरे. पालखीला चार मानकरी खांदा देतात. पहिला खांदा आमच्या घराचा, सासऱ्यांपासून. येसाजी परत आल्यावरच्या पहिल्या शिमग्याला तो धुतलेले धोतर नेसून पुढे झाला. आबाजीने त्याच्या छातीवर हात ठेवला. "अंगात उणं असलेल्यानं देवीला खांदा लावायचा नाय." आणि स्वतःच्या पोराला तिथे उभे केले.

येसाजी म्हणाला, "काका, गुरवाला सांगून कौल लावा." आमच्याकडे अडले की गुरव देवीच्या दोन्ही अंगांना भिजवलेले तांदूळ लावतो. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. आबाजी म्हणाला, "असलं देवीला इचारायचं नसतं." पुढे दर शिमग्याला येसाजी नारळ घेऊन जायचा, तेच विचारायचा, आणि तेच ऐकून परत यायचा. मी गावकीच्या सात पिढ्या उद्धरायची. तो म्हणायचा, "आये, देवी नाय म्हनाली तर मी गप बसेन. पन तिला अजून कुनी इचारलंच नाय."

मग तो पाच वर्षांमागचा शिमगा. आबाजीचा पोरगा झिंगलेला होता. पायऱ्या उतरताना तो घसरला, दांडा कडकन मोडला आणि पालखी दरीच्या अंगाला कलली. येसाजी कडेला हात जोडून उभा होता. तो खाली शिरला आणि सगळा भार पाठीवर घेतला. लाकडी पाय दोन दगडांच्या फटीत रुतवून उभा राहिला. बाकीचे सावरून येईपर्यंत तसाच. देवीचा मुखवटा बोटभर हलला नाही. मी स्वतः पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी गावकीने गोमूत्र शिंपडून पालखी शुद्ध करून घेतली. का, तर येसाजीचा हात लागला.

त्या रात्री तो जेवला नाही. एवढेच म्हणाला, "आये, महाडच्या तळ्यात त्या लोकांनी पानी प्याल्यावर घागरी ओतून तळं शुद्ध केलं, तवा मी आयकून सोडून दिलं. माझ्या पलटनीतले गडी हुते गो त्यांच्यात." मला तेव्हा नीट उमजले नाही. आता उमजते.

मोडलेल्या दांड्याला सरळ लाकूड कुठे मिळेना, तेव्हा आमच्या परसातला साग मागायला आबाजी आला. मी कोयता घेऊन झाडापुढे उभी राहिले. येसाजीने माझ्या हातातून कोयता घेतला, साग दिला, आणि चार महिने खपून दांडा स्वतः घडवला. गावकीने तो वाजतगाजत नेला. खांदा दिला नाही. तो दांडा मी परत मागत नाही. देवीला दिलेला आहे. जुन्या दांड्याचा मोडका तुकडा मात्र माळ्यावर आहे, तो आबाजीला द्यावा. म्हातारपणी टेकायला काठी लागते.

कलम चौथे. येसाजी गेल्या कार्तिकात तापाने गेला. त्यानंतर गावकीला एकदम आठवण झाली की आपल्याकडे एक शूर शिपाई होता. येत्या शिमग्यात सहाणेजवळ त्याच्या नावाचा दगड बसवायचा, वर त्याचे पदक कोरायचे, आणि त्या निमित्ताने सहाण मी गावकीला लिहून द्यायची, असे ठरवून आले होते. त्यांना मी चहा दिला नाही. दगड बसवायचा नाही. जिवंतपणी ज्याला अंगात उणे म्हटले त्याला दगडात शूर म्हणायचे नाही. पदक आवडीला द्यावे. दात येताना चावायला चांगले आहे, तिची आईही दुधाचे दात हलायला लागले तेव्हा तेच चावत असे.

कलम पाचवे. सहाण. देवधर म्हणतात की मान मृत्युपत्राने देता येत नाही. ठीक आहे, जागा तर देता येते.

माझ्या जागेत पालखी यायची असेल तर आधी गोमाजी गुरवाने, चारही मानकऱ्यांसमोर, मोठ्याने देवीला विचारावे : "येसाजी चांगू उतेकर, एक पाय लढाईत गेलेला, तुझ्या पहिल्या खांद्याला चालत होता की नव्हता?" विचारणार नसतील तर पालखी रस्त्यावर टेकवावी. मी आहे तोवर दारात उभी राहून हे सांगेन, माझ्यामागे हा कागद सांगेल.

कौल काय पडेल ते मला ठाऊक नाही. मला भीतीही वाटते. डावे पडले तर सहाण त्या दिवसापासून गावकीची. मी असले तर मी, नाहीतर तुळसाने सही करून द्यावी, भांडू नये. येसाजीही भांडला नसता.

उजवे पडले तर सहाण तुळसाची, तिच्यामागे आवडीची. आणि त्या शिमग्याला पालखी तीन खांद्यांवर निघेल. पहिला खांदा मोकळा ठेवायचा. तिथे आबाजीने जायचे नाही, त्याच्या पोराने नाही, आमच्या जावयानेही नाही. एकशे तीस पायऱ्या तशाच उतरून माझ्या दारापर्यंत यायचे. जड होईल, तोल जाईल. जाऊ दे. उणे असताना तोल कसा सांभाळतात ते एक माणूस सोळा वर्षे त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवत होता.

हे सर्व मला वाचून दाखवले, बरोबर आहे, एक अक्षर गाळलेले नाही.

सही : चिमाबाई (अंगठा नव्हे, स्वदस्तूर)

साक्षी :
१. गोमाजी गुरव, राहणार उंबरदांड. मजकूर ऐकला. विचारीन.
२. हैबती सकपाळ, राहणार कापडे, येसाजीच्या पलटणीतला पेन्शनर शिपाई.

दस्तूर : त्रिंबक सखाराम देवधर, मुक्काम महाड.