हिरवी पट्टी

४ जानेवारी
भुईगावची भाड्याची खोली सोडून बोळिंजला मुलाकडे, विघ्नेशकडे आलो. सातव्या मजल्यावरून दोन ताड दिसतात, मला तेवढे पुरे. बायको वसुंधरा गेल्यापासून ती खोली मोठी झाली होती. सूनबाई क्षितिजा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. शाळेत शिकवलेल्या शंभर कविता मला पाठ आहेत; त्या टंकून ठेवायला तिने एक प्रोग्रॅम करून दिला. वर किती टंकून झाल्या ते दाखवणारी पट्टी: चाळीसपर्यंत लाल, ऐंशीपर्यंत पिवळी, पुढे हिरवी. संगणकातली आयती पट्टी रंग बदलू देईना, म्हणून तिने स्वतःच घडवली. म्हणाली, बाबा, हिरवी होईपर्यंत सुट्टी नाही. मास्तरलाच गृहपाठ.

१९ जानेवारी
एकेचाळिसावी टंकली आणि पट्टी हळदीसारखी पिवळी झाली. विघ्नेशने जिलबी आणली. पहिल्या दिवशी टंकलेली चिमणीची कविता म्हणायला गेलो, तर एकही ओळ आठवेना. वय झालं.

२ फेब्रुवारी
माझा जुना विद्यार्थी ॲन्सेल्म आला, आता डोकं पांढरं. नावाड्याच्या कवितेची पहिली ओळ म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मला दुसरी येईना. म्हणाला, सर, ह्याच ओळीला छडी दिलेली तुम्ही, आता तुम्ही हात पुढे करा. सगळे हसले. मी हात पुढे केला.

९ फेब्रुवारी
टंकलेली एकही आठवत नाही. न टंकलेल्या तोंडपाठ. पट्टी शहाऐंशीवर, हिरवीगार, घरभर कौतुक. क्षितिजाला सांगितलं. तिने सगळं तपासलं. म्हणाली, बाबा, पट्टी नुसती मोजते, नेत काही नाही. आजपासून टंकणं बंद.

१३ फेब्रुवारी
बंद केलं तरी सरकते. नव्वद. सत्त्याण्णव. यादीत मी न टंकलेल्या कविता — आणि टंकण्याच्या चुका मात्र माझ्याच, नेहमीच्या.

१४ फेब्रुवारी
नव्व्याण्णव. उरली एकच, जाईची. तांदूळ निवडताना वसुंधरा म्हणायची. ती म्हटली की तिचा आवाज येतो, बांगड्यांसकट. तिच्या आवाजाची दुसरी खूण नाही माझ्याजवळ. सकाळपासून म्हणतोय — थांबलो की पट्टी —

१५ फेब्रुवारी
पूर्ण हिरवी. भिंतीवर हार घातलेल्या फोटोतली बाई कोण, असं सुनेला विचारलं. ती रडायला लागली. मग नाव सांगितलं. हो, तीच — विसरायच्या आत लिहून ठेवतो — की लिहू नये —
तिचं नाव व —