कोपऱ्यात खोकणारा म्हातारा

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा सध्या कमरेपर्यंतचाच पोचला असं धरावं. उरलेला समक्ष भेटीत.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का? पट्टी निघाली का? बारीक अक्षर दिसतं का? हे उगाच विचारत नाहीये, पण का विचारतेय ते पुढे. सूनबाईला आशीर्वाद. तुमच्या चिरंजीवांनाही आशीर्वाद आणि सांगा की त्यांनी माझ्या फोनमध्ये पुस्तकं वाचून दाखवणारी जी बाई घालून दिली ती मी बंद करून ठेवली आहे. प्रेमपत्र असो की खून, सगळं ती गाडी उशिराने धावत असल्याची सूचना द्यावी तशी वाचते. त्याचा हेतू चांगला होता, त्याला वाईट वाटू देऊ नका. फोनच करणार होते, पण फोनवर बोलता बोलता मी मध्येच गप्प होते आणि तुम्ही 'हॅलो हॅलो' करत घाबरता. पत्रात गप्प झालं तर कुणाला कळत नाही.

मी ठीक आहे. इस्त्रीचं दुकान चालू आहे. हल्ली लोक न चुरगळणारे कपडे घेतात, त्यामुळे काम निम्म्यावर आलंय आणि थकवा मात्र दुप्पट झालाय. डॉक्टरांना हे गणित सुटेना, म्हणून त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. घेते. मोठ्या आहेत, गिळण्यातच ताकद जाते.

रविवारी सकाळी मी वाचनमंडळात जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. आमचं मंडळ दातवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरतं, कारण रविवारी तो बंद असतो आणि तिथे खुर्च्या फुकट आहेत. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र आहे, त्याच्याखाली बसून आम्ही पुस्तकांवर बोलतो. कुणी फार वेळ बोलायला लागलं की डॉक्टर सवयीने म्हणतात, 'झालंच, आता थोडंच राहिलंय.' मंडळ चालवतात त्या मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे हात वर केल्याशिवाय कुणी बोलत नाही, डॉक्टरसुद्धा. शिवाय एक बसची कंडक्टर आहे. मुलगी गुणी आहे, मला आजी म्हणते, आणि जाडजूड पुस्तक डेपोत बसल्या बसल्या संपवते. बाकीचे दोघं-तिघं चहासाठी येतात, पण मान डोलावतात छान. आमची रीत अशी की दर महिन्याला एकाने आपलं आवडतं पुस्तक सगळ्यांना वाचायला लावायचं आणि मग ते का आवडतं ते सांगायचं. या वेळी पाळी माझी होती. (नको म्हणत होते. कुणी ऐकलं नाही. मी हात वर केला नव्हता.)

आता माझं वाचन म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. लग्न होऊन आले तेव्हा गाठोड्यांवरची नावं आणि दुकानांच्या पाट्या, एवढीच माझी विद्या. संध्याकाळी हे पंपहाउसवरून सुटले की दुकानात यायचे, कोपऱ्यातल्या त्या स्टुलावर बसायचे आणि मोठ्याने पुस्तक वाचायचे. मी इस्त्री करायची. आमचा सगळा संसार असाच झाला म्हणा ना. गिऱ्हाईकं कपडे न्यायला यायची आणि प्रकरण संपेपर्यंत दारात उभी राहायची. हे गेले आणि दुकानात इतकं शांत झालं की नाइलाजाने मी स्वतःच वाचायला लागले. आधी बोट धरून एकेक ओळ, मग पान, मग कधीतरी बोट सुटलं. पण वाचली ती नवी पुस्तकं. यांनी वाचून दाखवलेली कपाटातली पुस्तकं उघडली नाहीत. ती तर मला पाठ होती. शिवाय त्यांवर यांचा आवाज बसलेला, त्याच्यावर माझा कशाला चढवायचा?

आवडतं पुस्तक कोणतं याचा विचारच करावा लागला नाही. होडीवाल्याची कादंबरी. तुम्ही ती पाहिली आहे, हॉस्पिटलच्या पिशवीत होती. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. 'घरी आलो की संपवू,' म्हणाले. त्यांच्या बसच्या तिकिटाची खूण अजून तिथेच आहे. शहरात गेलेली नात नदीकाठी परत येते का, एवढंच कळायचं बाकी होतं, आणि मी ते कळू दिलं नाही. ते प्रकरण आहे तोवर आमचं दोघांचं थोडं वाचायचं राहिलंय, असा माझा हिशेब. शहाणपणाचा नाही, पण माझा आहे. मंडळात मी हे बोलले नाही. शेवटाची वेळ आली की 'तुम्हाला कसा वाटला?' असं विचारून दुसऱ्यालाच बोलायला लावायचं, असं ठरवलं होतं. (मोठ्या बाई दर वेळी हेच करतात, असा माझा संशय आहे.)

पण घात झाला तो आधीच. मी सुरुवात चांगली केली होती. म्हातारा होडीवाला मला का आवडतो ते सांगत होते. वादळात त्याची होडी बुडते, तो बिचारा पोहत काठाला लागतो, सर्दी धरते ती कायमची, आणि मग पुस्तकभर तो कोपऱ्यात बसून खोकत राहतो, काही बोलत नाही, पण नातीवरची नजर हटवत नाही. एवढ्यात कंडक्टरचा हात वर.

'आजी, म्हातारा वादळात गेला की!'

'गेला कसा? नातीच्या लग्नात कोपऱ्यात बसून खोकतोय तो!'

'कुठल्या पानावर?'

'तिकीट तपासल्यासारखं काय विचारतेस गं?'

डॉक्टरांनी पुस्तक घेतलं, खिडकीपाशी उजेडात नेलं, पेशंटचं तोंड उघडावं तसं आ करून उघडलं आणि वाचून दाखवलं. होडी मिळाली, म्हातारा मिळाला तो खालच्या वळणावर, दुसऱ्या दिवशी. सगळं त्यात होतं. लग्नाचं प्रकरणही त्यांनी वाचलं. लग्नात वाजंत्री होती, पाहुणे होते, कोपऱ्यात कुणी नव्हतं. मी चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. चहावाल्यांनीसुद्धा मान डोलावणं थांबवलं.

मग मोठ्या बाईंना माझी दया आली. त्या म्हणाल्या, 'मला वाटतं, यांना असं सुचवायचंय की नातीच्या आठवणीत म्हातारा जिवंतच आहे.' मी म्हटलं, आठवणीत कुणी खोकत नाही हो बाई. मला आपलं खरं ते सांगायचं होतं. आठवणीतलं माणूस धडधाकट असतं, आंघोळ करून, भांग पाडून बसलेलं असतं. पण मंडळाला ते फारच आवडलं. कंडक्टरने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, इतकी खोल नजर असणाऱ्या बाईंकडूनच शेवट ऐकायला हवा, तेव्हा शेवटचं प्रकरण पुढच्या रविवारी ठेवू आणि त्यावर फक्त याच बोलतील. म्हणजे निसटायची जी एक फट होती, ती माझ्याच शहाणपणाने बुजली.

घरी येऊन मी कपाट उघडलं. वन्सं, काय सांगू तुम्हाला. सगळे गेलेले. एकही धड नाही. डोंगरावरची ती नर्स, जी आमच्या दुकानात चांगली म्हातारी होईपर्यंत जगली होती, ती पुस्तकात साथीतच गेलेली आहे. जुळ्या भावांतला एक विहिरीत. सावत्र आई बाळंतपणात. (आणि मी उगाच तिला वर्षानुवर्षं आळशी म्हणत आले, कारण ती कधी उठायचीच नाही.) टांगेवाल्याचा घोडासुद्धा. निदान घोडा तरी सोडायचा की नाही लेखकाने? तेव्हापासून मी नुसत्या बातम्या ऐकाव्यात तशी पानं उलटतेय. एका हाताने इस्त्री, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि घोड्याच्या पानावर नेमका दातवाल्या डॉक्टरांचा पांढरा कोट टेबलावर होता. पाठीवर इस्त्रीचा आकार उठलाय, अगदी टोकासकट. आता रविवारी त्याचाही जाब द्यायचाय.

कोटाकडे बघताना मला आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच यांनी वाचलेल्या पुस्तकात एक आजी गेली होती, आणि मी रडता रडता कुणाच्या तरी शर्टाची बाही जाळली होती. यांनी पुस्तक मिटून ठेवलं. त्यानंतर आमच्या दुकानात कुणी मेलं नाही.

आणि मग खोकल्याचा उलगडा झाला. मी इतकी वर्षं मनात म्हणायची, या लेखक लोकांना कोपऱ्यात बसून खोकणाऱ्या माणसांचं एवढं काय वेड आहे? पुस्तक कुठलंही असो, कुणीतरी खोकतच असायचं. एका कादंबरीत शेवटी शेवटी चौघं एकाच खोलीत खोकत होते. मी इस्त्री थांबवून विचारलंही होतं, अहो, यांना कुणी डॉक्टरकडे का नेत नाही? तर हे म्हणाले, 'लेखकाच्या लक्षात राहिलं नसेल.' मान वरसुद्धा केली नाही. आता कळतंय. मेलेल्या माणसाला पुढच्या प्रकरणांत काही काम नसतं. तरी त्याला ठेवायचं तर कुठेतरी बसवायला हवं, आणि तो अजून आहे हे समजायला त्याने थोडा आवाज करायला हवा. रोज संध्याकाळी पंपहाउसचं काम करून आलेला माणूस लेखकाच्या पाठीमागे उभा राहून हे उद्योग करत होता, आणि मी म्हणायची, जरा पटपट वाचा, शर्ट संपत आले.

पहिले दोन दिवस तुमच्या बंधूंचा फार राग आला. मी काय कुक्कुलं बाळ होते? एवढ्या जणांना वाचवलं आणि स्वतःच्या वेळेला काही सुचलं नाही? मग राग करायचाही कंटाळा आला. इथे आता होडीवाल्याची कादंबरी इस्त्रीच्या टेबलावर पडून आहे, तिकीट बाहेर डोकावतंय, आणि रविवार जवळ येतोय. शेवट वाचावा तर आमचं राहिलेलं संपतं. न वाचावा तर मोठ्या बाईंसमोर काय बोलू? ताप आला म्हणून सांगेन म्हणते. दात दुखतो म्हणायची सोय नाही.

असो. तुम्ही डोळ्यांना जपा. ऊन टाळा. थेंब वेळेवर घाला, आणि सूनबाई घालते तेव्हा तिच्यावर ओरडू नका, त्यामुळेच हात हलतो. बाकी सगळं नेहमीसारखं आहे.

तुमची भावजय

ता. क. कोटाची काळजी करू नये. डागावर खिसा शिवलाय. पाठीवर खिसा असलेला कोट दुसऱ्या कुठल्या दातवाल्याकडे नसेल.

ता. क. दुसरा. बारीक अक्षर दिसतं का, हे आणखी एकदा विचारते. दिसत असेल तर शनिवारी दुपारी याल का? शेवटचं प्रकरण तुम्ही मला वाचून दाखवा. मी इस्त्री करीन. फोनवर तुमचे पहिले दोन शब्द ऐकू आले की पलीकडे तुम्ही आहात की तुमचे बंधू, हे मला अजूनही पटकन कळत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा हे लहान होते, झोपत नसत, म्हणून तुम्ही त्यांना गोष्टी वाचून दाखवायचात आणि त्यात कुणालाच मरू द्यायचा नाहीत, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. तेव्हा ही खोड मुळात कुणाची ते मला समजलंय. भांडणार नाही. फक्त या.

ता. क. तिसरा. शेवट वाचला नाही असं वर लिहिलंय, ते लिहिलं तेव्हा खरं होतं. पाकीट चिकटवायला घेतलं आणि राहवलं नाही. नात परत येते, वन्सं. काठावर तिच्यासाठी कुणी नसतं, लेखकाने कुणालाच ठेवलेलं नाही. तुम्ही वाचाल तेव्हा मात्र जरा बघा. स्टूल कोपऱ्यातच आहे, मी हलवलेलं नाही.