सतरा नंबरची चिंगी

४ मार्च, सोमवार

आज बोट घेतली. म्हणजे पाहिली, आणि पाहताक्षणी घेतली असंच म्हणायला हवं. चाळीस वर्षं नकाशांच्या कचेरीत निळ्या शाईने नद्या नि किनारे काढत बसलेल्या माणसाने स्वतःची मोटरयॉट घ्यावी, हे ऐकून मेव्हणा फोनवर बराच वेळ नुसता खोकत होता. मग म्हणाला, भावजी, पोहता तरी येतं का? नाही येत. नकाशावरच्या पाण्यात कोणी बुडत नाही, त्यामुळे शिकायची वेळच आली नाही.

धक्क्याला लागून पत्र्याची लांबलचक शेड आहे. आत अकरा नव्याकोऱ्या बोटी लोखंडी टेकूंवर उभ्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. शाळा सुटली तरी घरी न्यायला कोणी न आलेल्या मुलांसारख्या. बाजारात मंदी आहे आणि शोरूमवाल्याने ती लपवली नाही. आठ महिन्यांत आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच, म्हणाला, बाकीचे आले ते फोटो काढून गेले. माझ्यासाठी खुर्ची त्याने स्वतःच्या रुमालाने पुसली.

आमची नोंदवहीतली सतरा नंबर. दोन वर्षं साठ्यात पडून, पण पाणी कसं असतं ते तिला अजून ठाऊक नाही. चौथीच्या पुस्तकात होडीची एक कविता होती. तिसऱ्या कडव्याला मी हमखास अडायचो आणि गुरुजी कान धरून पुढची ओळ वदवून घ्यायचे. आज त्या पांढऱ्याशुभ्र टोकाखाली उभा राहिलो आणि सबंध कविता म्हटली, न अडता. कानाची पाळी मात्र उगीच गरम झाली.

ही म्हणाली, कविताच म्हणायच्या होत्या तर गच्ची काय वाईट होती? पण शिडीवरून सगळ्यात आधी वर गेली ती हीच. वरून वाकून म्हणाली, अहो, इथे दोरी बांधली की कपडे छान वाळतील.

बोट तयार होईपर्यंत समोरच दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. खिडकीतून शेडचं दार दिसतं.

६ मार्च, बुधवार

साठ्यातली बोट म्हणजे उघडंबोडकं घर, हे आज कळलं. कठडा नाही, नांगर ओढायचं यंत्र नाही, पाण्याची खोली मोजायचं उपकरण नाही. गिऱ्हाईक ठरलं की मगच हे सगळं बसवतात. मिस्त्री अंगापिंडाने दणकट आणि तोंडाचा तिखट आहे. कामांची यादी त्याने माझ्या हातात दिली आणि वर म्हणाला, आजोबा, मधे मधे येऊ नका, पंधरा दिवसांत नवरी सजवून देतो.

नाव घालणारा रंगारी अगदी उलट, वाळका आणि मितभाषी. मी त्याला सांगितलं की शुक्रवारी हिचा वाढदिवस आहे, तेव्हा नाव आधी घालायचं. तो नाही म्हणाला. नाव शेवटी घालायचं असतं, आधी बोटीचं अंग पुरं होऊ द्यायचं. एकदा नाव लागलं की भोकं पाडायची नसतात. का, ते सांगेना. मला त्यात काव्य वाटलं, पण वाढदिवस काही पंधरा दिवस थांबणार नव्हता.

शेवटी शोरूमवाला मधे पडला. या मंदीत गिऱ्हाईक म्हणेल तर मी माझ्या आजोबांच्या कपाळावर नाव घालीन, असं त्याने रंगाऱ्याला सुनावलं. रंगारी डबा उघडायला लागला.

८ मार्च, शुक्रवार

चिंगी. बोटीच्या मागच्या बाजूला, निळ्या अक्षरांत, हातभर उंचीचं. माहेरी हिला याच नावाने हाक मारत. आता तशी हाक मारणारं कोणी उरलेलं नाही, फक्त मी, आणि मीही एकांतातच.

रुमालाने डोळे बांधून तिला शेडमध्ये नेलं. रंगारी शेवटच्या वेलांटीवर होता. रुमाल सोडायच्या आधीच ही मान चोळत म्हणाली, पाठीवर काहीतरी ओलं, गार लागतंय. मग डोळे उघडले, नाव वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. चाळीस फुटी यॉट आणि नाव चिंगी, लोक काय म्हणतील? शोरूमवाला म्हणाला, लोक म्हणतील नवरा असावा तर असा. मिस्त्रीसुद्धा हसला.

एवढी सुंदर दुपार मला आठवत नाही. नातीला सांगायला जन्मभर पुरेल अशी गोष्ट झाली आज.

११ मार्च, सोमवार

सकाळी अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात भांडं पडलं. गेलो तर ही ओट्याला धरून उभी. म्हणाली, अहो, काहीतरी चावलं. पोलकं उजव्या खांद्यावर रक्ताने भिजलं होतं. पुसून पाहिलं, तर खांद्यात भोक. चावा नव्हे, ओरखडा नव्हे. गोल, पेन्सिल जाईल एवढं, कडा कापल्यासारख्या स्वच्छ. मी पाहत असतानाच त्याच्या शेजारी कातडी खळग्यासारखी आत गेली, गरगरली आणि दुसरं भोक पडलं. त्यातून मांसाची बारीक बारीक वळी बाहेर आली, रंधा मारल्यावर लाकडाची यावी तशी.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. मला बाहेर बसवून त्यांनी हिला विचारलं म्हणे, नवरा मारतो का? ही तशा वेदनेतही हसली. यांना डास मारवत नाही, म्हणाली.

१२ मार्च, मंगळवार

आज डाव्या खांद्यावर चार. सकाळभर. प्रत्येकाआधी तिला आपोआप कळतं. दात आवळते आणि माझं मनगट धरते. चौथ्याला हाड लागलं. हाडातून जातानाचा आवाज निराळा असतो, हे मला या वयात शिकायला मिळालं.

एकला, शेडच्या जेवणाच्या सुट्टीत, ते थांबलं. दोनला पुन्हा सुरू झालं.

सुट्टीची ती वेळ माझ्या डोक्यात अडकली. शेडमध्ये गेलो. कठडा बसवणं चालू होतं. उजवीकडे दोन भोकं, डावीकडे पाचवं पाडताना मिस्त्रीचं ड्रिल फिरत होतं. जन्मभर मोजपट्टी वापरली आहे, डोळ्याला अंतर कळतं. त्यांची रांग, त्यांच्यातलं अंतर, चौथ्या भोकाजवळचा किंचित तिरपेपणा. सगळं तेच, प्रमाणात लहान.

मी ड्रिलची वायर उपटली. मिस्त्रीने शिवी दिली. परत आलो तर हिच्या खांद्यावर पाचवं अर्धवट होतं.

१३ मार्च, बुधवार

शोरूमवाल्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, मोठी खरेदी केली की माणसाच्या मनात असं काहीबाही येतं, उतारवयात तर जास्तच. काम दोन दिवस थांबवतो, म्हणाला.

खात्री करून घ्यायची होती. मी कोणालाही न सांगता बोटीच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, खोलीच्या किल्लीने वीतभर रेघ ओढली. अगदी हलक्या हाताने, वहीत समास आखतो तशी.

धावत वर आलो. ही खुर्चीत बसलेली. डाव्या पोटरीवर वीतभर कातडी उसवून दोन्हीकडे उलटली होती. पाय रक्ताच्या थारोळ्यात.

मी केलं हे. तिला सांगितलं. तिने पोटरीवर पदर दाबला. मग म्हणाली, हात धुवा आधी, किल्लीला रक्त लागलंय.

१५ मार्च, शुक्रवार

रंगाऱ्याला गाठलं. नाव पुसून टाक म्हटलं. त्याने मान हलवली. पुसता येत नाही, म्हणाला, पुसायला गेलं की काय होतं ते मी एकदा पाहिलंय. मी ऐकलं नाही. त्याच्या हातातून थिनरचं फडकं घेतलं आणि पहिल्या अक्षराच्या टोकाला लावलं, नखाएवढं. निळा रंग विरघळला. समोरच्या खिडकीतून हिची किंकाळी शेडपर्यंत आली.

ओठाचा कोपरा गेला आहे. दात दिसतात. कपाने पाणी पाजता येत नाही, चमच्याने पाजतो.

संध्याकाळी रंगारी जिन्यापर्यंत आला, वर आला नाही. पुसता येत नाही, पण वर दुसरं नाव चढवता येतं, म्हणाला. मग पहिलं माणूस सुटतं, त्याचं अंग भरून येतं. पुढचं सगळं दुसऱ्याच्या अंगावर, झाल्या जखमांसकट. मी विचारलं, कोणाचं नाव? तो जिना उतरता उतरता म्हणाला, “ते मला विचारू नका. आधीच्यांनाही मी सांगितलं नव्हतं.”

माणसाच्या मनात काय काय येतं. शोरूमवाल्याचं नाव मला ठाऊक आहे. मिस्त्रीचंही. दोन्ही नावं मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पाहिली, आणि मग ते पान फाडून गिळलं.

१६ मार्च, शनिवार

दिवसभर बोटीखाली बसून राहिलो. कोणाला हात लावू दिला नाही. बोट तशीच ठेवायची, जन्मभर, बिनपाण्याची, असं ठरवलं आहे.

शोरूमवाल्याचा आवाज आज बदलला होता. यादीतली कामं पुरी झाली की व्यवहार पुरा, मग मागे फिरता येत नाही, म्हणाला. मी मागे फिरतोय असंच त्याला वाटतं. एवढ्या महिन्यांनी मिळालेलं गिऱ्हाईक तो सुटू देणार नाही. त्याच्याही घरी खाणारी तोंडं असतील. मला त्याचा राग येत नाही. येतो. फार येतो.

उद्या शेड बंद. हिला ताप आहे.

१८ मार्च, सोमवार. सकाळी सव्वादहा

शेडचं दार आतून लावलंय. खिडकीतून पाहतोय. मिस्त्रीला आत जाताना पाहिलं. यादीतलं सगळ्यात मोठं काम राहिलंय — खोली मोजायच्या उपकरणाचं भोक, तळाला, मधोमध, मुठीएवढं —

ही पोटावर हात ठेवून उठून बसली आहे.

अकरा

डॉक्टरीणबाईंना फोन करून निघालो. शेडची मागची खिडकी फोडून आत शिरलो. मनगट कापलं. मिस्त्री बोटीखाली उताणा, दोन्ही हातांनी गोल करवतीचं ड्रिल वर रेटत होता. थांब म्हणालो. दोनदा म्हणालो. शेजारी लोखंडी पाना पडला होता. मी उचलला. कपाळावर घातला, मग दातांवर, मग बोटांवर, ती ड्रिल सोडेनात म्हणून. दात पडतानाचा आवाज — मी, ज्याने कधी डास —

तो हलत नाही. श्वास चालू आहे.

भोक आरपार गेलेलं नाही. नुसतं कडं उमटलंय, बोटभर खोल. करवत निसटून खाली पडली आहे, वायर मी उपटली.

सव्वाअकरा

डॉक्टरीणबाईंचा फोन. पोटाला गोल चीर, आतलं दिसतंय. रक्त थांबत नाही. म्हणाल्या, वेळ फार नाही.

फळीवर रंगाऱ्याचा निळा डबा आहे.

मिस्त्रीच्या तोंडाशी कान नेला होता. कशासाठी नेला होता ते इथे लिहायला हवं. तो मेला तर त्याचं नाव चालेल का, हे पाहायला. असा मी.

साडेअकरा

लिहिलं. माझंच. शाळेच्या हजेरीत होतं तसं, पूर्ण, आडनावासकट. वळणदार. चिंगी पूर्ण झाकली जाईपर्यंत दोन हात दिले. 

खांदे — एकेक — मोजतोय. सहा. सातवं अर्धवट. पोटरी. ओठ गेला. आता पोट — सदरा लाल — कड्यासारखी चीर, बेंबीभोवती —

बरोबर आहे. सगळं माझ्याकडे आलंय.

पावणेबारा

शिडी चढून केबिनमध्ये आलो, मिस्त्री शुद्धीवर आला तर म्हणून आतून कडी लावली. आता परत उतरवत नाही. फोन वाजला. तिचा आवाज. स्वच्छ, सगळे ओठ असलेला.

“अहो, कुठे आहात? मला भूक लागलीय.”

येतो म्हटलं. नीट उमटलं नाही तोंडातून. तिला कळलं असावं. तिने माझं नाव घेतलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

खाली कोणीतरी उठतंय. मिस्त्री. शिव्या देतोय, तोंडात दात नाहीत तरी कळतात. त्याने शेडचं दार उघडलं. शोरूमवाला आलाय. मिस्त्री म्हणतो, आधी हे पुरं करतो. शोरूमवाला नको म्हणतोय — नाही, म्हणत नाही. वायर शोधतोय.

पोटावरचं कडं गार पडलंय. त्यात काहीतरी बसतंय. बरोबर बसलं.

चिंगे, दार लावून घे, इकडे पाहू नको, खिडकीतून सुद्धा

सुरू झालं — आत — आरपार जाताना आवाज निराळा —