दारावरच्या वाक्याखालचे नाव

मी, भालचंद्र श्रीपती टाकळकर, वय एकसष्ट, धंदा मास्तरकी, आता निवृत्त, राहणार बदनापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. अक्कल शाबूत असल्याचा दाखला वामन वैद्यांनी दिला आहे. पत्नी सौ. उमा हिला तो मान्य नाही.

१. घर व घरातले सर्व काही उमाचे. ती म्हणते, ते आधीपासूनच तिचे आहे. बराबर आहे.

२. पुढाऱ्यांच्या वचनांबद्दलच्या पत्रांची पेटी वाचनालयाला. वीस वर्षे मी पुण्या-मुंबईला जोडकार्डे, म्हणजे उत्तराचे कोरे कार्ड जोडलेली, धाडून विचारत आलो, “हे आपण खरेच बोललात काय, आणि मनापासून काय?” बहुतेक वचने त्यांची नव्हतीच. एका थोरांनी कळवले, “बोललो खरा, पण पंगतीत मठ्ठा यायला उशीर झाला म्हणून, थट्टेने.” वकील काकासाहेब मला भर सभेत ‘वाक्यांचा फौजदार’ म्हणाले होते. त्यांना या पेटीला हात लावू देऊ नये.

३. आता फौजदाराची स्वतःची चोरी. सन १९३८ साली सरकारने वाचनालयाला कुलूप लावले. दारासमोर सभा भरली आणि मला बोलायला उभे केले. काहीतरी बोलून सुटावे म्हणून म्हणालो, “कुलूप सरकारचं असलं तरी दार आपलं आहे.” मास्तराचे कोण ऐकतो, म्हणून पुण्याच्या एका थोर पुढाऱ्याचे नाव ठोकून दिले. टाळ्या पडल्या. मी जल्दी घरी येऊन कडी लावून बसलो.

पुंजाराम गाढे हा शेतकरी, माझ्याकडेच अक्षरे शिकलेला. त्याने मात्र ते कुलूप तोडले आणि अकरा महिने तुरुंगात काढले. सुटून आल्यावर विचारले, “गुरुजी, तुमी सगळ्यायची वाक्यं तपासून राह्यले. हे खरंय न्हवं?”

मी म्हणालो, “बिलकुल खरं. कार्ड आलंय.”

कार्ड कसले, कपाळ माझे! त्याने ते वाक्य वाचनालयाच्या दारावर रंगवले, खाली पुढाऱ्याचे नाव. तेव्हापासून मी मागच्या दाराने जातो.

४. ते नाव पुसावे. पुंजारामची मी हात जोडून माफी मागतो. मला मूलबाळ नाही. खांदा त्याने द्यावा ही फार इच्छा होती, पण आता मागायला तोंड नाही. समोर बसून सांगण्याची हिंमत झाली नाही, म्हणून त्याला साक्षीदार केले आहे. सहीआधी त्याला हे वाचावेच लागेल. तोवर मी स्वयंपाकघरात बसतो.

बदनापूर, ता. १२ नोव्हेंबर १९४८
(सही) भालचंद्र श्रीपती टाकळकर

साक्षीदार:
१) वामन रंगनाथ वैद्य
२) पुंजाराम कडूबा गाढे. वाचलं. नाव पुसायचं न्हाई. जेलात रोज म्हणायचे, माफी लिहून दे अन् घरी जाय. त्या नावापायी न्हाई लिहिली. तुमचं नाव असतं तर दुसऱ्याच दिशी लिहून घरी आलो असतो. खांदा देईन. आता भाईर या.