सासऱ्यांचं पंचेचाळीस

२ ऑक्टोबर
सासरेबुवांचं जुनं पंचेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर पुसून तेल दिलं. त्यांची एवढी एकच वस्तू माझ्या बायकोकडे, ऑर्लीनकडे, उरली आहे. तेवीसला त्यांच्या वाढदिवशी नेमबाजी क्लबच्या मैदानावर ती स्वतः बार काढणार, आणि काडतुसं मी स्वतः भरणार. बाजारातला जहाल माल या म्हाताऱ्या लोखंडाला झेपायचा नाही. संकल्प: घाई नाही, बीअर फक्त रविवारी.

५ ऑक्टोबर
गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतल्या. सगळ्या सुरकुतलेल्या. साचा थंड होता, माझा काय दोष? बीअर घेतली. शिशाजवळ घसा फार सुकतो.

११ ऑक्टोबर
ऑर्लीन म्हणते, एल्क हरणाच्या रश्शात मी मीठ दोनदा घातलं. एकदाच घातलं. हल्ली मीठच जास्त खारट येतं.

१७ ऑक्टोबर
जावई टपकला. डेल. म्हणाला, बाबा, या काडतुसात बंदुकीची दारू तळाला चिमूटभर असते, दुप्पट पडली तरी वर जागा उरते, कळत नाही, आणि बंदूक हातात फुटते. गोळी बसवण्याआधी सगळी ओळीने उभी करा आणि आत बॅटरी मारून बघा. मी म्हटलं, तू शेंबूड पुसत होतास तेव्हापासून भरतोय. त्यावर ऑर्लीन म्हणाली, याचा चष्मा सकाळी फ्रिजमध्ये सापडला, आणि म्हणे मोजून भरतोय! दोघं हसली. चष्मा तिथे कोणी ठेवला, ते मात्र कोणी विचारलं नाही.

२० ऑक्टोबर
डझनभर काडतुसं भरली. मध्येच ऑर्लीनने कॉफीला हाक मारली. परत आलो. हातातल्यात दारू घातली होती का? नव्हती. मला पक्कं आठवतं. म्हणून घातली. बॅटरीचे सेल संपलेत. एकेक गोळी लगेच बसवून टाकली.

२३ ऑक्टोबर
उद्या लिहीन.

२६ ऑक्टोबर
तीन बार झकास झाले. ऑर्लीन लहान मुलीसारखी हसत होती. चौथ्याला रिव्हॉल्व्हर फुटलं. तिचा उजवा डोळा गेला.
दारूच्या कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं आहे. डेलने उरलेली काडतुसं उघडून एकेकातली दारू तोलली. सगळी बरोबर. मग मी तरी काय सांगत होतो?

२ नोव्हेंबर
ऑर्लीन हॉस्पिटलमधून परस्पर डेलकडे गेली. फोनवर येत नाही. औषधांची गुंगी असेल.
सकाळी एकट्यापुरती कॉफी केली. साखर घातली होती का? नव्हती. मला पक्कं आठवतं. म्हणून घातली.
गोडमिट्ट झाली. रडू आलं. चटका बसला असेल.