बझर वाजल्यावर

मंगळवार संध्याकाळ, नवीन पनवेल

साहेबांच्या रिपोर्टवर सही केली नाही. नाहीच केली.

सकाळी नव्या बसची चाचणी होती; बसमधली यंत्रं चालकाला नीट वापरता येतात का, हे तपासणं माझं काम. अचानक समोर पुठ्ठ्याचा माणूस सरकवला, स्टिअरिंगशेजारच्या स्क्रीनवर धोक्याचा बझर वाजला आणि चालक म्हात्रेकाकांचा ब्रेक उशिरा लागला. पुठ्ठा आडवा. साहेबांनी लगेच रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘चालकाचा निष्काळजीपणा’. तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस खालमानेनं म्हणाला, "मॅडम, माजा पाय नाय चुकला. बझर वाजला आन् मी स्क्रीनकडं बगितला."

केबिनमधल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ पाहिला. खरंच, बझर वाजताच नजर रस्त्यावरून स्क्रीनवर. मग मीच बस चालवायला बसले. मला तर सगळं ठाऊक होतं, तरी बझर वाजला आणि डोळे तिकडेच गेले. पुन्हा पुठ्ठा आडवा. मग मीही निष्काळजी?

साहेब म्हणाले, "कंपनीला यंत्रात दोष नकोय. सही कर, विषय संपव."

"मग माझंही नाव निष्काळजी म्हणून लिहा," मी म्हटलं. दोन्ही व्हिडिओ जोडून माझा वेगळा रिपोर्ट थेट मुख्य ऑफिसला पाठवला. दोष बझरचा आहे, चालकाचा नाही.

"उद्यापासून चाचणीला येऊ नकोस," साहेब म्हणाले.

म्हात्रेकाका गेटपाशी थांबले होते. "माज्यासाठी कशाला, मॅडम?"

"तुमच्यासाठी नाही, काका. माझं कामच आहे ते."

घाबरलेय का? हो. पण उद्या नऊला जाणारच. मला काढायचं असेल तर कारण लेखी द्या म्हणेन.